‘मुळे’ आणि ‘आढळते’ : अवटु ग्रंथी व मधुमेह यांविषयीच्या मराठी गद्याची भाषिक चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

शास्त्रीय मराठीविषयी आजवर जो वाद झाला तो बहुतांशी नामांचा वाद होय. इंग्रजी शब्द जसाच्या तसा घ्यावा, की संस्कृत धातूपासून नवा घडवावा, की लोकांच्या तोंडी असलेला शब्द उचलावा, या तीन पक्षांच्या खंडनमंडनात विद्वानांची बरीच शक्ती खर्ची पडली. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आकारास आलेला मराठी विश्वकोश ही या वादाची भरीव फळे होत. त्यांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. परंतु वाक्य केवळ नामांनी बनत नाही. नामांना परस्परांशी जोडणारे प्रत्यय, शब्दयोगी अव्यये आणि क्रियापदे यांच्यावरच विधानाचे खरेखोटेपण अवलंबून असते, आणि शास्त्रीय मराठीच्या समीक्षेत नेमका हाच भाग उपेक्षित राहिला आहे.

ही उपेक्षा कोठे बाधते हे पाहण्यासाठी एखादा विषय निवडावयाचा तर तो असा हवा, की ज्यात दोन वस्तूंमधील संबंध एकपदरी नाही. गळ्यातील अवटु ग्रंथी, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातील ‘थायरॉइड’, आणि मधुमेह यांचा विषय असा आहे. दोन्ही विकार समाजात विपुल आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीत प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. तर आठ शहरांतील ५,३७६ प्रौढांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अवटुन्यूनतेचे, म्हणजे ग्रंथीचे कार्य मंदावण्याचे, प्रमाण १०.९५ टक्के भरले. दोन्ही पाहण्यांचे क्षेत्र एक नाही. तरी स्थूल मानाने दोन्ही प्रमाणांचा गुणाकार केला तर असे दिसते की, या दोन विकारांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नसता तरीही शंभर प्रौढांमागे एका व्यक्तीच्या ठायी दोन्ही विकार निव्वळ योगायोगाने एकत्र आले असते. वस्तुतः त्यांच्यात संबंध आहे, आणि तो एका प्रकारचा नाही. अशा स्थितीत ‘थायरॉइड आणि मधुमेह यांचा जवळचा संबंध आहे’ हे वाक्य खरे असूनही जवळजवळ निरर्थक ठरते. मधुमेहाने डोळे, मूत्रपिंडे व तंत्रिका यांची जी हानी होते तिच्यात अवटु ग्रंथीचा हात किती, हे ज्या वाचकाला जाणून घ्यावयाचे आहे त्याला मराठी गद्य नेमके काय सांगते, याची परीक्षा येथे करावयाची आहे.

या परीक्षेसाठी गोंदिया जिल्हा दृष्टीसमोर ठेवला आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो निर्माण झाला. मध्य प्रदेश व छत्तीसगड यांना लागून असलेल्या या भातशेतीच्या जिल्ह्यात प्रमाण मराठीखेरीज झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी व छत्तीसगडी या भाषा-बोली नित्य व्यवहारात आहेत. २०१६ सालापासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील अध्यापन इंग्रजीतून, छापील आरोग्यसाहित्य प्रमाण मराठीतून आणि रुग्णाचे निवेदन बोलीतून, असा हा त्रिस्तरीय व्यवहार आहे. एका स्तरावरून दुसऱ्या स्तरावर जाताना नाम बहुधा सुखरूप पोहोचते; संबंध मात्र वाटेत गळतो.

२. नामे निरुपद्रवी असतात

प्रथम नामांचा विचार करू. विश्वकोशाने ‘अवटु ग्रंथि’ ही संज्ञा स्वीकारली. शालेय व सामान्य लेखनात ‘कंठस्थ ग्रंथी’, ‘गलग्रंथी’ हे पर्यायही दिसतात. ‘अवटु’ हा शब्द पारखून पाहिला तर एक गंमत आढळते. अमरकोशात अवटु, घाटा आणि कृकाटिका हे शब्द समानार्थी म्हणून एकत्र येतात, आणि त्यांचा अर्थ मानेचा मागील भाग असा आहे. थायरॉइड ग्रंथी तर श्वासनलिकेच्या पुढच्या बाजूस असते. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही संज्ञा मानेच्या चुकीच्या बाजूस जाऊन बसली आहे. पण ‘थायरॉइड’ हा मूळ शब्द तरी कितीसा यथार्थ आहे? लंडनच्या टॉमस व्हॉर्टन याने १६५६ साली ग्रंथीला जे नाव दिले ते ढाल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. दोन पाळ्या आणि त्यांना जोडणारा अरुंद पट्टा असलेल्या या अवयवात आज कोणाला ढाल दिसणार नाही. ‘डायबिटीस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ आरपार वाहून जाणे एवढाच आहे. ‘मधुमेह’ या संस्कृत नामाने मूत्राचे माधुर्य सांगितले. आज निदान रक्तावरून होते, तरी नाव अबाधित आहे.

यावरून एक सामान्य नियम हाती येतो. संज्ञेची व्युत्पत्ती अपारदर्शक असली वा चुकीची असली तरी वाचकाची दिशाभूल होत नाही, कारण व्युत्पत्तीवरून कोणी अनुमान काढीत नाही. ‘अवटु’ ऐकून कोणताही रुग्ण मानेच्या मागे हात लावून पाहत नाही. अपवाद सांगावयाचा तर ‘गंडमाळ’ या शब्दाचा सांगता येईल. आयुर्वेदाने गळ्यावरील एकच गाठ म्हणजे गलगंड आणि गाठींची माळ म्हणजे गंडमाला असा भेद केला होता. लोकव्यवहारात तो पुसट झाला, आणि क्षयाने सुजलेल्या मानेच्या गाठींनाही ‘गंडमाळ’ म्हटले जाऊ लागले. परंतु हा घोटाळा वैद्याच्या बोटांखाली क्षणात सुटतो. नाम चुकले तर वस्तू दाखवून ते दुरुस्त करता येते. संबंध चुकला तर दाखवावयास वस्तूच नसते.

३. ‘थायरॉइड वाढला’

आता रुग्णाच्या भाषेकडे वळू. ‘मला थायरॉइड आहे’ हे वाक्य मराठीत रूढ झाले आहे. शब्दशः पाहता ते प्रत्येक मनुष्याला लागू पडते. थायरॉइड कोणाला नाही? अवयवाचे नाव विकाराला देण्याची ही लक्षणा ‘मला शुगर आहे’, ‘मला बीपी आहे’ या वाक्यांच्या पंगतीतील आहे व भाषेच्या स्वभावाला धरून आहे. तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार सुरू होते ती या नामाला क्रियापद जोडल्यावर.

‘शुगर वाढली’ या वाक्याचा अर्थ निःसंदिग्ध आहे : रक्तातील साखर वाढली. त्याच साच्यात ‘थायरॉइड वाढला’ हे वाक्य घडते, आणि त्याचे तीन अर्थ संभवतात. एक, ग्रंथीचा आकार वाढला, म्हणजे गलगंड झाले. दोन, ग्रंथीचा स्राव वाढला, म्हणजे अवटु-आधिक्य झाले. तीन, तपासणीच्या कागदावरील ‘टीएसएच’चा आकडा वाढला. नित्य व्यवहारात हा तिसरा अर्थच बहुधा अभिप्रेत असतो, आणि तोच दुसऱ्या अर्थाच्या नेमका उलट आहे. टीएसएच हे अवटु ग्रंथीचे द्रव्यच नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी ते स्रवते आणि त्याच्या योगे अवटु ग्रंथीला कामास लावते. अवटु ग्रंथी मंदावली की पोष ग्रंथी हाकाटी वाढवते. म्हणून सामान्यतः टीएसएच वाढला याचा अर्थ थायरॉइड कमी पडला असा होतो.

आता ज्या रुग्णाला दोन्ही विकार आहेत त्याच्या दृष्टीने पाहावे. ‘तुमची शुगर वाढली आहे, आणि थायरॉइडही वाढला आहे’ या वाक्यातील ‘ही’ हे अव्यय दोन्ही वाढी एका जातीच्या ठरवते. त्यापासून निघणारे अनुमान सरळ आहे : साखर कमी करण्यासाठी एक गोळी, थायरॉइड कमी करण्यासाठी दुसरी, आकडा उतरला की गोळीचे काम संपले. प्रत्यक्षात लेव्होथायरॉक्सिनची गोळी काहीही कमी करीत नाही. शरीरात जे उणे आहे त्याची ती रोज भर घालते, आणि आकडा उतरलेला राहतो तो त्या भरीमुळेच. ‘नॉर्मल आला म्हणून बंद केली’ हे वर्तन अज्ञानाचे म्हणून हिणवले जाते. परंतु जे वाक्य रुग्णाला देण्यात आले त्यावरून काढलेले ते निर्दोष अनुमान आहे. दोष तर्काचा नाही, तर्काला पुरविलेल्या क्रियापदाचा आहे. ‘थायरॉइड कमी पडतो आहे, म्हणून बाहेरून भरून काढावा लागतो’ असे म्हटले असते तर एकही पारिभाषिक शब्द न वापरता हा अनर्थ टळला असता.

४. ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययाचा अतिरेक

लिखित मराठीत हाच दोष अधिक प्रतिष्ठित रूपात नांदतो, आणि त्याचे वाहन ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय होय. मूळ या शब्दाशी असलेले त्याचे नाते उघड आहे. ‘अमुकामुळे तमुक’ म्हणताच अमुक हे मूळ ठरते. अवटु ग्रंथी आणि मधुमेह यांच्यात मात्र निदान चार प्रकारची नाती आहेत आणि त्यांपैकी सर्वांना ‘मुळे’ लावता येत नाही.

पहिले नाते एका मुळाचे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवरच उलटते. ग्रेव्ह्ज याने १८३५ साली व हाशिमोटो याने १९१२ साली वर्णिलेले अवटु ग्रंथीचे विकार याच जातीचे आहेत. आनुवंशिक प्रवृत्ती पुष्कळ अंशी समान असल्याने ते एकाच व्यक्तीत वारंवार एकत्र येतात. म्हणूनच पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे निदान होताच अवटु ग्रंथीचीही तपासणी करावी असा संकेत आहे. येथे कोणीही कोणाला जन्म दिलेला नाही; दोघे एका झाडाची फळे आहेत. ‘मधुमेहामुळे थायरॉइड होतो’ हे वाक्य येथे असत्य आहे. ‘बरोबर’ हे अव्यय येथे योग्य. किंबहुना पूर्व विदर्भात ‘सोबत’ अधिक योग्य, कारण ते तेथे जिभेवर आहे आणि ‘बरोबर’च्या ‘अचूक’ या दुसऱ्या अर्थाची सावली त्यावर पडत नाही.

दुसरे नाते कार्याचे. अवटु ग्रंथीचा स्राव वाढला की आतड्यातून शर्करा वेगाने शोषली जाते, यकृत अधिक शर्करा रक्तात सोडते आणि इन्शुलिनचा निचरा लवकर होतो. मधुमेह आटोक्याबाहेर जातो. स्राव घटला की यकृताची शर्करा कमी होते व इन्शुलिन अधिक काळ टिकते. इन्शुलिन टोचून घेणाऱ्याची साखर एकाएकी उतरण्याचा धोका वाढतो. मग उपचार सुरू झाला की इन्शुलिनची गरज पुन्हा वाढते. अशा वेळी रुग्ण म्हणतो, ‘थायरॉइडच्या गोळीमुळे शुगर वाढली.’ येथे ‘मुळे’ व्याकरणदृष्ट्या चुकीचे नाही, पण अपुरे आहे. गोळीने नवा अपाय केला नाही. झाकलेली गरज उघडी केली. हे नाते सांगण्यास मराठीत ‘असता’ व ‘तर’ यांची सशर्त रचना आहे : स्राव कमी असता इन्शुलिन कमी पुरते, स्राव पूर्ववत झाला तर अधिक लागते.

तिसरे नाते मापनाचे, आणि ते सर्वांत फसवे. १९५९-६० च्या सुमारास रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी इन्शुलिन मोजण्यासाठी किरणोत्सारी प्रतिरक्षा-मापनाची पद्धत सिद्ध केली. पुढे तिनेच टीएसएचचेही सूक्ष्म मापन शक्य केले. तेव्हापासून दोन्ही विकार मुख्यतः आकड्यांतून बोलू लागले. परंतु एका विकाराने दुसऱ्याचा आकडा बिघडू शकतो. अवटुन्यूनतेत नव्या तांबड्या पेशी कमी बनतात व जुन्या अधिक काळ फिरत राहतात. त्यांवर साखर चढण्यास अधिक अवधी मिळतो, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ‘एचबीए१सी’ चाचणी प्रत्यक्षाहून जास्त आकडा दाखवू शकते. अवटुन्यूनतेत रक्तातील क्रिएटिनिनही वाढते व उपचाराने पुष्कळदा उतरते. मधुमेहाने मूत्रपिंड किती बिघडले याचा अंदाज त्यामुळे चुकू शकतो. येथे ‘साखर वाढली’ आणि ‘साखरेचा आकडा वाढला’ ही दोन वाक्ये एकार्थी नाहीत. मराठीत ‘आहे’ आणि ‘दिसते’ ही दोन क्रियापदे याच भेदासाठी आहेत.

चौथे नाते सहचाराचे. टीएसएच वाढलेला, पण अवटु ग्रंथीचे टी-४ हे द्रव्य मात्र प्रमाणात, अशी एक अवस्था आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ही अवस्था असणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचे व जालपटलाचे विकार अधिक प्रमाणात असल्याचे अनेक निरीक्षणांत दिसले आहे. परंतु निरीक्षणातून सहचार कळतो, कारण कळत नाही. वय, लठ्ठपणा, आजाराचा दीर्घ काळ अशी तिसरीच गोष्ट दोहोंच्या मागे असू शकते, अथवा मूत्रपिंडाचा विकारच टीएसएच वाढवीत असू शकतो. आणि गोळी देऊन या अवस्थेतील मधुमेह्याचे डोळे वा मूत्रपिंडे वाचतात असे प्रयोगाने सिद्ध झालेले नाही. याच्या शेजारी मधुमेह व जालपटलविकार यांचे नाते ठेवून पाहावे. १९९३ साली अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील प्रयोगाने पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, व १९९८ साली ब्रिटनमधील दीर्घ प्रयोगाने दुसऱ्या प्रकारात दाखवून दिले, की साखर काटेकोर आटोक्यात ठेवली तर सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे हे विकार घटतात. कारणावर घाव घातल्याने कार्य घटले. म्हणून ‘मधुमेहामुळे जालपटल बिघडते’ या वाक्यातील ‘मुळे’ कष्टार्जित आहे. ‘थायरॉइडमुळे मधुमेह्याचे मूत्रपिंड बिघडते’ यातील ‘मुळे’ तसे अर्जित नाही. ते उसने आहे.

या चौथ्या नात्यासाठी मराठी गद्याकडे ‘आढळते’ हे उत्तम क्रियापद होते. ‘जालपटलविकार असणाऱ्यांत टीएसएच वाढलेला अधिक आढळतो’ एवढेच म्हणून थांबणे म्हणजे निरीक्षणाच्या मर्यादेत राहणे होय. परंतु कार्यालयीन व शास्त्रीय मराठीने ‘आढळून येते’ हा ‘असते’चा भारदस्त पर्याय म्हणून इतका सरसकट वापरला, की त्याची साक्षीदाराची भूमिका संपुष्टात आली. ‘मुळे’ अतिवापराने बळावले आणि ‘आढळते’ अतिवापराने निर्बल झाले.

५. ‘उपद्रव’ आणि ‘गुंतागुंत’

मधुमेहाच्या पाठोपाठ येणाऱ्या हानीला मराठीत दोन शब्द आहेत : जुना ‘उपद्रव’ आणि नवा ‘गुंतागुंत’. दुसरा इंग्रजी शब्दाचा छायानुवाद आहे. तो धाग्यांचा गुंता सुचवतो; कोणता धागा कोठून निघाला हे सांगत नाही. उलट, आयुर्वेदाने उपद्रवाची रेखीव व्याख्या केली होती. मूळ रोगानंतर उत्पन्न होणारा, त्याच्याच आश्रयाने राहणारा आणि प्रायः मूळ रोग शमताच शमणारा तो उपद्रव. एवढेच नव्हे, तर एक रोग दुसऱ्या रोगाचे कारण होतो तेव्हा त्याला ‘निदानार्थकर’ असे वेगळे नाव चरकाने दिले. प्रधान व अनुगामी व्याधी, रोगांचा संकर, असे भेदही त्या परंपरेत आहेत. नात्यांची ही प्रतवारी आजच्या लोकप्रिय वैद्यक-गद्यापेक्षा निश्चितच अधिक सूक्ष्म होती.

याचा अर्थ जुन्या शब्दांकडे डोळे मिटून परतावे असा नव्हे. मधुमेहाने जालपटलाची झालेली हानी साखर उतरताच भरून येत नाही. म्हणून ‘उपद्रव’ शब्दाची शेवटची अट तेथे लागू पडत नाही. अवटुन्यूनतेने वाढलेले क्रिएटिनिन मात्र उपचाराने उतरते. ते उपद्रवाच्या जुन्या व्याख्येत चपखल बसते. बोध घ्यावयाचा तो एवढाच, की शब्दाला व्याख्या हवी आणि व्याख्येत नात्याचा प्रकार हवा.

‘परिणाम’ या शब्दाची गतही पाहण्यासारखी आहे. ‘मधुमेहाचा डोळ्यांवर परिणाम होतो’ आणि ‘थायरॉइडचा डोळ्यांवर परिणाम होतो’ ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण पहिल्यात डोळ्याच्या आतील पडद्याच्या रक्तवाहिन्या बिघडतात, आणि बहुधा दीर्घकाळ काहीच जाणवत नाही. दुसऱ्यात बुबुळामागील स्नायू व मेद सुजून डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. एक विकार आरशात दिसत नाही, दुसरा शेजाऱ्यालाही दिसतो. ज्याला दोन्ही आजार आहेत त्याला ‘डोळ्यांवर परिणाम’ या एकाच शब्दप्रयोगाने असे वाटू शकते, की डोळे बाहेर आलेले नाहीत म्हणजे डोळे सुखरूप आहेत. जालपटलाची वार्षिक तपासणी चुकण्यास एवढे वाटणे पुरेसे आहे.

जिला इंग्रजीत लक्षणांच्या उंबरठ्याखालची अवस्था म्हणतात, ती वर सांगितलेली टीएसएचपुरती वाढ, तिच्या मराठी नावांतही असेच निर्णय दडलेले आहेत. ‘लक्षणपूर्व’ म्हणावे तर लक्षणे पुढे येणारच असे भाकीत होते; वस्तुतः पुष्कळांचा आकडा आपोआप पूर्वपदावर येतो. ‘सौम्य’ म्हणावे तर अभय दिल्यासारखे होते. ‘केवळ चाचणीत दिसणारी’ हे वर्णन लांबट आहे, परंतु जेवढे ठाऊक आहे तेवढेच ते सांगते.

६. गोंदियाची कसोटी

हे सर्व शब्दच्छलासारखे वाटू नये म्हणून गोंदियाच्या परिस्थितीत एकच वाक्य तपासून पाहू : ‘एचबीए१सी प्रमाणात म्हणजे साखर आटोक्यात.’ अन्य अनेक ठिकाणी हे वाक्य व्यवहारापुरते चालून जाते. परंतु पूर्व विदर्भ हा सिकलसेलच्या पट्ट्यातील भाग आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा विषय येथे घरोघरचा आहे. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरतात. त्यांवर साखर चढण्यास पुरता अवधी मिळत नाही व आकडा फसवा कमी येतो. दोन्हीकडून तो दोष घेतलेल्या रुग्णात तर या चाचणीला आधारभूत असलेले हीमोग्लोबिनच नसते. वाहकांच्या बाबतीत चाचणीच्या पद्धतीनुसार फरक पडतो. याच्या उलट अवटुन्यूनता आणि लोहाच्या अभावाने येणारा रक्तक्षय आकडा वर ओढतात. एकाच देहात हे एकत्र आले तर आकडा प्रमाणात दिसेल, आणि साखरेविषयी तो काहीच विश्वसनीय सांगत नसेल. फ्रुक्टोसामीन ही पर्यायी चाचणीही अवटु ग्रंथीच्या विकाराने बदलते. अशा ठिकाणी प्रत्यक्ष रक्तशर्करा वारंवार मोजणे हाच भरवशाचा मार्ग उरतो.

वरील वाक्यात ‘म्हणजे’ या उभयान्वयी अव्ययाने समीकरण मांडले आहे. ‘एरवी’ हा एक शब्द त्यापूर्वी घातला, आणि ‘सिकलसेल किंवा थायरॉइडचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे’ हे एक वाक्य त्यानंतर जोडले, तर तेच विधान गोंदियात सुरक्षित होते. येथे अवटु शब्द घ्यावा की थायरॉइड, या प्रश्नाला काहीच महत्त्व उरत नाही हे ध्यानात घ्यावे.

बोलीचा विचार केला तर प्रश्न आणखी स्पष्ट होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचे जे संकलन व विवेचन केले त्यामुळे या बोलीचे स्वरूप अभ्यासकांपुढे आले. तिच्यात ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’च्या जागी बहुधा ‘र’ येतो. छापील मराठी आणि रुग्णाचा उच्चार यांतील हे अंतर कानाला जाणवते, पण त्याने अर्थ बिघडत नाही. अर्थ बिघडतो तो अन्यत्र. बोलभाषेत कारण सांगण्यास तृतीयेचा ‘नं’ हा प्रत्यय पुरतो, आणि तोच कर्ता व साधन हेही दाखवतो. ‘शुगरनं डोळे गेले’ या वाक्यात शुगर ही कर्ती आहे, की कारण आहे, की निमित्त आहे, याचा निवाडा प्रत्यय करीत नाही. म्हणून प्रमाण मराठीतील मजकूर बोलीत सांगताना ‘मुळे’ व ‘च्या संदर्भात’ हे सारे एका ‘नं’मध्ये विरघळते. उपाय बोलीला नवे प्रत्यय शिकविण्याचा नाही. उपवाक्यांचा आहे. ‘दोन्ही सोबत असतात, पण एकानं दुसरं झालं नाही’ असे दोन तुकडे केले की बोली हा भेद विनासायास वाहून नेते. सालेकसा वा देवरीच्या आरोग्य केंद्रात आशा स्वयंसेविकेच्या हाती पडणारा मजकूर असा तोडूनच लिहिलेला असावयास हवा.

७. समारोप

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. वैद्यकातील संक्षेप हा जाणकारांच्या सोयीसाठी असतो. ‘थायरॉइड वाढला’ म्हणणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणतो ते ठाऊक असते, आणि प्रत्येक वाक्यात नात्याचा प्रकार सांगू गेल्यास गद्य बोजड होईल. आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करण्यासारखा आहे. दोन जाणत्यांमधील संक्षेप दोष नव्हे. परंतु तोच संक्षेप न जाणणाऱ्याच्या हाती दिला की तो विधान बनतो, आणि रुग्ण त्या विधानावर आपले औषध चालू ठेवतो वा बंद करतो. उत्तरार्ध मात्र मान्य होण्यासारखा नाही. ‘मुळे’ऐवजी ‘सोबत’, ‘आहे’ऐवजी ‘दिसते’, ‘वाढला’ऐवजी ‘कमी पडतो’ लिहिल्याने वाक्याची लांबी एका अक्षरानेही फारशी वाढत नाही. बोजा वाढतो तो लेखकाच्या माथ्यावर; कारण अव्यय निवडण्यापूर्वी त्याला नाते ठाऊक असावे लागते.

परिभाषाकोशांनी नामांची व्यवस्था लावली. यापुढील काम वाक्यकोशाचे आहे : अमुक प्रकारच्या नात्याला अमुक रचना, अशी उदाहरणांसह मांडणी. तीत एका मुळाचे, सशर्त कार्याचे, मापनातील भासाचे आणि निव्वळ सहचाराचे नाते यांसाठी चार स्वतंत्र साचे असावेत, आणि प्रत्येक साचा प्रमाण मराठीसह झाडीबोलीत व पोवारीत वाचून पारखलेला असावा. हे काम एकट्या वैद्याचे नाही आणि एकट्या भाषाभ्यासकाचेही नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवा असेल तर गोंदियाच्या रुग्णालयातील एखाद्या चाचणीचा कागद, त्यावरील एक आकडा, आणि तो आकडा इंग्रजीतून मराठीत व मराठीतून बोलीत जाताना त्याला चिकटणारी क्रियापदे, एवढी सामग्री पुरेशी आहे.